नावाचं पान

दादा,

कशी आहे तुमची तब्येत? खोकला थांबला का? रद्दीची धूळ आता तिथे नसणार, म्हणजे थांबायला हवा. पण तुमचा खोकला धुळीचा कमी आणि विड्यांचा जास्त होता हे आईला ठाऊक होतं आणि मलाही, त्यामुळे खात्री वाटत नाही. आईचे गुडघे काय म्हणतात? तिला सांगा, आता माझेही तसेच वाजतात आणि जिना उतरताना मी तिच्यासारखीच कठड्याशी बोलते. आत्याच्या डाव्या कानाला ऐकू यायला लागलं असेल तर जरा जपून, इतकी वर्षं आपण त्या कानाच्या बाजूला बसून काय काय बोललो ते तिला आता कळायला नको. आणि आमचे हे तिकडे येऊन सहा वर्षं झाली. त्यांची साखर सांभाळा. तुमचा जावई गोड मागायला लाजतो, पण कुणी पुढे केलं तर नाही म्हणत नाही. या जगात असताना तुमची नि त्यांची गाठ जेमतेम चार-सहा वेळा पडली, तीही लग्नकार्याच्या गडबडीत. आता निवांत बोलत असाल, म्हणजे तुम्ही बोलत असाल आणि ते मान हलवत असतील.

इकडे आम्ही बऱ्या आहोत. लेक हार्बरफ्रंटला एका जहाजांच्या कंपनीत आहे, सकाळी आठला जाते, सातला येते, आल्या आल्या चपला काढताना इंग्रजीत बोलते आणि चहा पोटात गेला की मराठीवर येते. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. सिंगापूर तुम्ही पाहिलं नाहीत, मी इथे आले तेव्हा तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली होती, म्हणून एक बातमी तुमच्यापर्यंत पोचली नसेल. तुमच्या मुलीने पुन्हा रद्दीचं दुकान काढलंय.

दुकान म्हणजे काय, आमच्या बैठकीच्या खोलीतली एक भिंत. जुनी पुस्तकं गोळा करते आणि फोनवरून विकते. सुरुवात यांच्याच पुस्तकांपासून झाली. जहाजाच्या इंजिनांची ती जाडजूड पुस्तकं हे गेल्यावर नुसती माझ्याकडे बघत बसायची. लेक इथल्या लोकांसारखा शेवटी लाह लावून म्हणाली, "आई, धिस वन कॅन सेल लाह. कुणाला तरी हवं असेल." मी म्हटलं, इंजिनाचं पुस्तक कोण वाचतंय. तर दोन दिवसांत एक रिटायर्ड चीफ इंजिनिअर घरी येऊन सगळा ढीग घेऊन गेला, आणि जाताना आमच्या दारात उभा राहून त्यातल्या एका आकृतीबद्दल दहा मिनिटं आनंदाने बोलला. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण त्याच्या हातात ते पुस्तक जसं दिसलं तसं आमच्या भिंतीवर कधी दिसलं नव्हतं. तेव्हापासून सुरू झालं. इथल्या इमारतींना तळमजल्यावर घरं नसतात, खांबांमधली मोकळी जागा असते, तिला व्हॉइड डेक म्हणतात. लग्न तिथे, मयत तिथे, आणि कुणी घर बदलत असलं की जुन्यापान्याचा बाजारही तिथेच. शनिवारी सकाळी पिशवी घेऊन निघायचं आणि कुठे काय मांडलंय ते बघत फिरायचं. दारावर रद्दी घेणाराही इथे असतो, करंग गुनी म्हणतात त्याला, हातगाडी ढकलत रबरी भोंगा वाजवत येतो. आमच्या ब्लॉकचा करंग गुनी माझा दोस्त झालाय. त्याला मी सांगितलं, माझे वडील तुझ्याच जातीचे, तेव्हापासून चांगलं पुस्तक दिसलं की तो माझ्यासाठी गाडीच्या दांडीला अडकवून ठेवतो.

परीक्षेची पुस्तकं इथे डोंगराएवढी निघतात आणि फुकटसुद्धा कुणी घेत नाही, आपल्या मिरजेसारखंच. पण सिंगापुरात छापलेली जुनी स्वयंपाकाची पुस्तकं, बंद पडलेल्या शाळांची वार्षिकं, रस्त्यांचे जुने नकाशे, यांना शोधणारी माणसं आहेत, आणि शोधणारा दोन पैसे जास्त द्यायला कुरकुर करत नाही. नफा होतो, दादा. लेक म्हणते, "होतो, पण तो तुझ्या एमआरटीच्या तिकिटात जातो." जाऊ दे. पुस्तक हातात घेतलं की मी आधी वास घेते, मग पाठ चाचपते, मग मधोमध उघडून पानं पंख्यासारखी सोडते. तुमच्या हाताकडे बघूनच शिकलेलं सगळं. लेकीला मेल्याहून मेल्यासारखं होतं. "आई, पब्लिकमध्ये पुस्तक हुंगू नको ना," असं दातातल्या दातात म्हणते.

मिरजेचं आपलं दुकान मला अजून वासानेच आठवतं. सुतळी, खळ, उंदराचं औषध, आणि बाजूच्या हॉटेलातून येणारी तिखट भजी. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि मी काट्याशी बसायला लागले. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण सगळ्या गावातल्या शाळा माझ्याकडे वजनावर येतच होत्या. तुम्ही एकदा इंग्रजी शब्दकोश माझ्या मांडीवर टाकलात, म्हणालात, "हा तुला. डी पासून पुढे शाबूत आहे." सुरुवातीची पानं कुणीतरी आधीच फाडलेली. त्यामुळे ए, बी, सी चे शब्द मला लग्नानंतरच भेटले. यांना मी सांगायचे, मला डॉक्टर येतो पण कंपाउंडर येत नाही, तर ते हसून हसून ठसकायचे.

आणि अकरा वर्षांची असताना मिळालेला तो दम. एका कादंबरीत पत्र सापडलं, कुणा बायकोचं नवऱ्याला, आणि मी ते मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवत होते. तुम्ही आत आलात. ओरडला नाहीत. पत्राची घडी घातलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "कागद आपण वजनावर घेतलाय. त्यांचं घर नाही घेतलं. जा, देऊन ये." भर उन्हात त्या घराची पायरी चढताना माझे कान तापले होते, आणि दार उघडलेल्या बाईचे माझ्याहून जास्त.

त्याच नेमातला तुमचा दुसरा नेम म्हणजे नावाचं पान. आपल्या दुकानातला निम्मा कागद पुड्यांना जायचा, शेंगदाणे, फुटाणे, भेळ. पुस्तक पुडीवाल्याकडे जावो नाहीतर कुणी वाचायला नेवो, नाव लिहिलेलं पहिलं पान तुम्ही आधी काढायचात. कुणाचं नाव रस्त्यावर तेलकट होऊन पायाखाली येऊ नये, आणि अमक्याच्या घरावर पुस्तकं विकायची वेळ आली हे गावाला कळू नये. फाडणं तुम्हाला खपायचं नाही. शिवणीत ओला दोरा ठेवायचा, वीस अंक मोजायचे, आणि पान आवाज न करता सुटून यायचं. मग ते बंबात. पान बंबात घालायचं काम माझं होतं. मला ते देवपूजेसारखं वाटायचं. इथे सिंगापुरातही मी ते करत आले, एवढंच की बंब नाही, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या च्यूटमध्ये टाकायचं, पान दहा मजले खाली जातं आणि पुढे कुठेतरी जळतं. विकत घेणाऱ्यांनाही कोरं पुस्तक आवडायचं. मला वाटायचं, चला, तुमचा धर्मही राहिला आणि धंदाही.

आता ज्यासाठी वही उघडली ते सांगते.

दोन महिन्यांपूर्वी बेडोकला एका व्हॉइड डेकवर बाजार होता. एक चाळिशीची चिनी बाई, केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं, चार खोके मांडून उभी होती. आई गेली, वडील मोठा फ्लॅट सोडून लहानात जातायत, जागा नाही, असं तिने न विचारता सांगितलं. "टेक, टेक, आंटी, ऑल वन डॉलर." पण बोलताना प्रत्येक पुस्तक फडक्याने पुसून देत होती, दादा. डॉलरला एक पुस्तक विकणारी बाई ते पुसून देते हे मी इथे पहिल्यांदा बघितलं, म्हणून ती लक्षात राहिली. त्या खोक्यात इथल्या जुन्या पद्धतीच्या केकांचं एक पुस्तक होतं, छपाई कधीच बंद झालेली, मुखपृष्ठावर तेलाचे डाग, आणि पाठ फाटली म्हणून निळ्या चौकटीच्या कापडाची पट्टी खळीने चिकटवलेली. इतकी नेटकी पट्टी की मला तुमची आठवण झाली. घरी आणून पुसलं, वाळवलं. पहिल्या पानावर वर चिनी अक्षरांत काहीतरी आणि खाली निळ्या शाईत आकड्यांची रांग. मला चिनी येत नाही. वरचं नाव असणार, खालचं काहीतरी हिशेबाचं, असं मीच ठरवलं. दोरा भिजवला, वीस मोजले, पान काढलं, च्यूटमध्ये टाकलं. मग फोटो काढून ॲपवर लावलं.

तासाभरात निरोप आला. घासाघीस नाही, प्रश्न नाहीत, कधी भेटता एवढंच. बेडोकच्या मेट्रो स्टेशनात तिकिटाच्या फाटकाशी भेटायचं ठरलं. पंचाहत्तरीचा एक चिनी म्हातारा आला, पायात स्लिपर, हातात लांब छत्री. पुस्तक घेतलं आणि आधी त्या निळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग पहिलं पान उघडलं. शिवणीत बोट घालून वरपासून खालपर्यंत नेलं.

"आंटी, इथे एक पान होतं."

मला कळलं, दादा. त्याच क्षणी कळलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मी घेतलं तेव्हा असंच होतं, अंकल."

तो मान हलवत राहिला. मग सांगायला लागला, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. पुस्तक त्याच्या बायकोचं. ती पट्टी त्याच्याच जुन्या शर्टाची. घर आवरताना मुलीने देऊन टाकलं, तेव्हापासून तो रोज फोनवर असलंच दुसरं पुस्तक शोधत होता, आणि माझ्या फोटोत त्याला शर्ट दिसला. "आमचा जुना ओव्हन, व्हेरी हॉट टेम्पर," तो म्हणाला आणि थोडा हसला. "पुस्तक म्हणतं चाळीस मिनिटं, ती म्हणायची बत्तीस. सगळ्या केकांचं तिने पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. केकाचं नाव नाही, काही नाही, नुसता पानाचा नंबर आणि मिनिटं. वर लिहिलं होतं, ओव्हनवर विश्वास ठेवू नको. शी नॉट स्टडी मच, प्रायमरी थ्री ओन्ली. तिच्या हाताचं लिहिलेलं घरात दुसरं काही नाही."

मग तो म्हणाला, "म्हणजे माझ्या मुलीनेच फाडलं. तिला सगळं क्लीन क्लीन पाहिजे." हे त्याने रागाने नाही म्हटलं. एखादी गोष्ट शेवटी पटावी तसं म्हटलं, आणि ते रागाहून वाईट होतं.

तेव्हा तरी मी बोलायचं की नाही? बोलले नाही. उलट पाच डॉलर कमी घेतले. तो म्हणाला, "आंटी व्हेरी काइंड," आणि छत्री टेकत निघून गेला. त्या पाच डॉलरांची मला अजून शिसारी आहे.

घरी येऊन मी लेकीला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, "आई, मेसेज कर ना. सॉरी लिही." मी म्हटलं, सॉरीने त्या मुलीवरचा आळ जातो का? "मग सोड लाह. तुला मुद्दाम थोडंच करायचं होतं. तो परत विचारायला येणार नाही." जरा वेळाने तीच म्हणाली, "तो आता तिला विचारेल. ती नाही म्हणेल. त्याला ते खोटं वाटेल." देठ मोडत मोडत पुढे म्हणाली, "मी तिच्या जागी असते, आणि मला कधीच कळलंच नसतं की असं का झालं, तर?" दादा, ही माझी लेक. यांचं आजारपण चालू असताना औषधांची फाइल तिने घर आवरताना टाकली म्हणून मी तिच्यावर दोन दिवस आग पाखडली होती, आणि फाइल नंतर माझ्याच कपाटात सापडली होती. ते तिने उच्चारलं नाही. पण स्वयंपाकघरात ते आमच्या दोघींबरोबर तिसरं माणूस बसावं तसं बसलं होतं.

तरीही मी नऊ दिवस घालवले. पुस्तकं झाडली, पुन्हा झाडली. निरोप लिहायचा आणि खोडायचा. च्यूटचं झाकण उघडून खाली बघण्यापर्यंत वेडेपणा केला, जणू पान वर येऊन उभं राहणार होतं. दहाव्या दिवशी लिहिलं, अंकल, पुस्तकाबद्दल बोलायचंय, समोरासमोर. उत्तर आलं, रोज सकाळी नऊला बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफीच्या गाळ्यासमोर बसतो, या. मी नारळाच्या वड्या केल्या. डबा पिशवीत घातला, आणि दाराशी आल्यावर वाटलं, ही तर लाच झाली. पण ठेवायला परत आत गेले असते तर बाहेर पडलेच नसते.

बुकित बातोकहून बेडोक म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं टोक. जुरोंग ईस्टला गाडी बदलून मी बसले, आणि ज्याच्यापाशी इतकी वर्षं मी जात नव्हते ते आठवायला लागलं. तुम्हालाही आठवत असेल. तेव्हा मी चौदाची असेन. दुपारची वेळ आहे, मी मागे बसून गठ्ठे बांधतेय, तुम्ही काट्याशी. एक बाई येते. मागच्या आठवड्यात तिच्या घरून शाळेची पुस्तकं आली होती, तिचा मुलगा त्या पावसाळ्यात गेला म्हणून दिराने एकगठ्ठा काढून टाकलेली. ती म्हणते, सगळी नकोत, भूमितीचं एकच द्या. त्याने पहिल्या पानावर सही करायचा सराव केलाय, दहा-बारा वेळा नाव लिहिलंय, वेगवेगळं. तुम्ही काट्यावरची वजनं उतरवता, एकेक. आणि म्हणता, "तसं काही माझ्याकडे आलं नाही, ताई."

ते पान मी त्याच आठवड्यात माझ्या हाताने बंबात घातलं होतं. त्यावरच्या सह्या मी पाहिल्या होत्या, एकीत शेवटचं अक्षर मागे ओढून खाली रेघ मारली होती. तुम्ही तिला पाणी दिलंत. ती गेली. तुम्ही माझ्याकडे वळून बघितलं नाहीत. थोड्या वेळाने, कधी नव्हे ते, दुकान माझ्यावर टाकून सायकल काढलीत आणि दिवेलागणीला परतलात. आई म्हणाली, कुठे होतात? तुम्ही म्हणालात, "सायकलचं काम होतं." सायकलला काही झालेलं नव्हतं. आपण त्यावर कधी बोललो नाही, तुम्ही नाही, मी नाही.

म्हणजे बघा, बेडोकच्या फाटकाशी मी जे बोलले ते वाक्यही मी तुमच्याकडूनच आणलं होतं.

म्हातारा कॉफी घेऊन बसला होता, माझ्यासाठीही एक कप मागवलेला. मी बसले आणि आधी सांगून टाकलं, नमस्कार-चमत्कार करत बसले असते तर धीर सुटला असता. "अंकल, पान मी काढलं. तुमच्या मुलीने नाही. आणि त्या दिवशी मी खोटं बोलले."

त्याने कप खाली ठेवला. "पान कुठे आहे?"

"नाही आता. जळून गेलं असेल."

"व्हाय?" एवढंच विचारलं त्याने.

मी सांगितलं, पुड्यांचं, नाव पायाखाली येऊ नये म्हणून. माझ्या मोडक्या इंग्रजीत ते किती खुळं वाटत होतं. तो ऐकत होता, टेबलावरचं कॉफीचं वर्तुळ बोटाने पुसत. म्हणाला, "माझी आजीपण अशीच. लिहिलेल्या कागदावर पाय पडला की ती मारायची." मला जरा हायसं वाटतंय तोवर त्याचा आवाज चढला. बाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. "पण तू त्या दिवशी सांगायचं होतंस. दॅट डे. मी तिला बोललो. खूप बोललो. आईचा हात तू कचऱ्यात टाकलास म्हटलं. नऊ दिवस फोन येतो, मी घेत नाही." मी मान खाली घालून ऐकलं. ऐकण्यासारखंच होतं. तो उठला आणि आपला कप ट्रेवर ठेवून घेऊन गेला. मला वाटलं, संपलं, गेला घरी. मी पिशवी उचलते तोच तो परत आला, हातात फोन, आणि फोन वाजत होता.

"तू सांग तिला," म्हणाला. "मला येत नाही."

पलीकडून "पा?" असं आलं, इतक्या घाईने, जणू ती फोन हातात घेऊनच बसली होती. मी म्हटलं, मी ती पुस्तकं घेऊन गेलेली आंटी. आणि सगळं पुन्हा सांगितलं. ती ऑफिसात असावी, मागे यंत्राचा आवाज येत होता. मग म्हणाली, "मी तर ते पान पाहिलंही नव्हतं, आंटी. आईने आत काही लिहिलंय हेच मला माहीत नव्हतं. मी स्वयंपाक करत नाही ना." आणि थांबून, "कसं दिसत होतं?"

मी सांगितलं. निळी शाई. आकडे मोठे, शाळकरी, रेघ सोडून थोडे वर चढत गेलेले. एका ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं, आणि त्याच्याखाली दोनदा रेघ. शेवटचं पाहणारी मीच होते, दादा. ज्यांचं होतं त्यातली एक मला विचारत होती.

"फोन द्या त्यांना," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने फोन घेतला आणि माझ्याकडे पाठ केली. मग त्यांच्या भाषेत दोन-तीन शब्द बोलला. तीसएक वर्षं इथे राहून मला त्या भाषेतलं तेवढंच कळतं, सगळ्या लिफ्टमध्ये, सगळ्या जिन्यांत ऐकलेलं: जेवलीस का. सकाळचे साडेनऊ वाजले होते. पलीकडून काय आलं ठाऊक नाही, पण तो पाठमोराच खुर्चीत बसला, पिशवीतून ते पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि इंग्रजीत म्हणायला लागला, "पेज ट्वेल्व्ह, थर्टी-टू. नो. नो, थर्टी-टू, आय रिमेंबर." फोनवरून ती काहीतरी म्हणाली. "यू वेअर स्मॉल, यू डोन्ट नो," तो म्हणाला. पुढच्या पानापाशी तो अडला. मग दोघंही अडली. मी उठले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पण माझ्या अर्ध्या राहिलेल्या कॉफीकडे बोट दाखवलं, म्हणून मी उभ्यानेच ती संपवली आणि आले. वड्या पिशवीतच राहिल्या. लेकीने खाल्ल्या, आणि काय झालं ते विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं.

आता मी पानं काढत नाही. घेतानाच विचारते, हे पान तुम्हाला ठेवायचंय का? बहुतेक जण हात झटकतात, असू दे म्हणतात. एखादा थांबतो, वाचतो, आणि पुस्तकच परत घेतो. धंदा त्यामुळे बसलाय थोडा. करंग गुनी म्हणतो, आंटी, असं विचारत बसलीस तर विकणार काय?

तुम्हाला वाटत असेल, पोरगी शहाणी झाली, गेली, कबूल करून आली. तर एक सांगते, हे मी लेकीलाही सांगितलं नाही. म्हाताऱ्याने त्या दिवशी फाटकाशी जर म्हटलं असतं की कुणा करंग गुनीने फाडलं असेल, तर मी गेले नसते. मला शांत झोप लागली असती. ज्याच्या दांडीला माझ्यासाठी पुस्तकं अडकवलेली असतात त्याच्या नावावर मी ते राहू दिलं असतं, आपल्याच धंद्यातल्या माणसाच्या. मुलीवर गेलं म्हणून मी गेले, दुसऱ्या कुणावर जाऊ दिलं असतं. एवढाच माझा चांगुलपणा, मोजून.

हे टपालात पडणार नाही हे मला ठाऊक आहे. वहीतच राहील, आणि उद्या ही वहीसुद्धा कुणाच्या तरी खोक्यात जाईल. तरी उत्तर हवंय. तुम्हाला लिहायचा कंटाळा, पावतीवर आकडा टाकतानाही तुम्ही वैतागायचात, म्हणून जास्त मागत नाही. त्या दुपारी सायकल काढून तुम्ही त्या बाईंच्या घरी गेला होतात का? त्यांना सांगितलंत का? मी आजवर गेलाच होतात असं धरून चालत आलेय. नसाल गेला तरी चालेल, मी रागावणार नाही, मलाही नऊ दिवस लागले. फक्त खरं काय ते कळवा, आणि लवकर कळवा, दादा. अडुसष्ट झाली मला.